हसरा चेहरा

ती. आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं, तू विणलेला स्वेटर अंगावरून उतरत नाही.

बौद्धिक अपंगत्वामुळे आमच्या स्पर्धेतल्या बऱ्याच खेळाडूंना दुखणं शब्दांत सांगता येत नाही. म्हणून तपासताना मी त्यांच्यापुढे चेहऱ्यांचा तक्ता धरते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आमची एक धावपटू आहे, चांगली पंचविशीची, पण सगळे तिला चिमणीच म्हणतात. ती लंगडत होती. दुखतंय का विचारलं की ठणकावून सांगायची, "मस्त!" आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर. तोच तिला आवडतो ना! काल मी तिचा घोटा दाबला. तोंडाने "मस्त"च म्हणाली, पण पायाची बोटं गच्च आवळली. एक्स-रेमध्ये हाडाला चीर निघाली.

शर्यत उद्या आहे. मी चित्र काढून तिला सगळं समजावलं. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि विचारलं, "मग माझी लेन कोणती?"

आज एका पायात बूट, दुसऱ्याला प्लास्टर, अशी सकाळपासून दाराशी बसली आहे. मी दिसले की स्वतःच तक्ता मागते आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहते. बरोबर उत्तर दिलं की पळायला सोडतील, असं तिला वाटतं.

बाबांचा खोकला थांबला का? आणि तुझा गुडघा? "बरा आहे" म्हणू नकोस. फोनवर मला तुझ्या पायाची बोटं दिसत नाहीत.

तुझीच,
धाकटी