सातघुमतीच्या चढासाठी

बेहाला, कलकत्ता
२० नोव्हेंबर १९७४

प्रिय कालिंदी,

गाडी तयार झाली. ही बातमी पहिल्या ओळीतच देतो, कारण हे पाकीट हातात आलं तरी तुझं लक्ष दवाखान्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडेच असणार. पासांग उद्या सकाळी ती चालवत इथून निघतोय. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली फराळाचा डबा आहे. चकल्या कमी भरल्या तर आईला दोष देऊ नकोस. पासांग गेले तीन आठवडे आपल्याकडे राहिला आहे आणि पहिल्या दिवशी ‘इतकी तिखट नाही’ म्हणत त्याने चकलीला जो हात घातला, तो काही परत घेतला नाही. डब्याखाली एक लोकरी झबलं आहे, पिवळ्या रंगाचं. ते कुणासाठी, हे पुढे लिहितो.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तू हिच्यात बसून गेलीस तेव्हा ती निळी होती. आता ती कुठल्याच रंगाची नाही. पुढचा बंपर तारेने बांधलेला, आणि मागच्या फळीवर, जिथे स्ट्रेचर ठेवता, तिथलं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. मी त्या फळीवर हात फिरवत उभा राहिलो. आई म्हणाली, “आधी त्या माणसाला पाणी तरी विचारा.”

कारखान्यातून हक्काची रजा घेतली. गार्डन रीचला आता मला कुणी नाही म्हणत नाही, सगळे ‘दादा’ म्हणतात आणि रजेच्या अर्जावर न वाचता सही करतात. गाडी ट्रामडेपोमागे माणिकबाबूंच्या गॅरेजात नेली. इंजिन उघडून पाहिलं तर आतून ते निरोगी होतं. पासांगने तेल वेळच्या वेळी बदललंय, त्याला शाबासकी दे. दुखणं निराळंच होतं. वर डोंगरात हवा विरळ. इंजिनला डिझेल तेवढंच मिळतं, पण ते जाळायला हवा पुरत नाही. मग अर्धं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, इंजिन तापतं आणि चढावर गाडी दम सोडते. यावर उपाय टर्बोचार्जर. आम्ही जहाजांच्या इंजिनांना बसवतो तो कपाटाएवढा असतो, इथे नारळाएवढा पुरतो. आईने जेवायला वाढताना विचारलं, “म्हणजे असतं तरी काय ते?” मी म्हटलं, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो दुसऱ्या बाजूने ताजी हवा इंजिनात कोंबतो. ती म्हणाली, “मग फुंकणी म्हणा की सरळ.” तीस वर्षं मी शिकाऊ इंजिनियरांना फळ्यावर चित्रं काढून जे समजावतोय, ते हिने आमटीचं पातेलं उचलता उचलता सांगितलं.

फुंकणी शोधायला मल्लिकबाजारात गेलो. जुन्या गाड्यांच्या हाडामासाचा तो बाजार तुला आठवत असेल. लहानपणी तुला घेऊन गेलो होतो, आणि तू एका दुकानदाराला ‘या गाड्या मेल्या कशाने’ असं विचारलं होतंस. दोन दिवस हिंडून दोन टर्बो सापडले. एक जनरेटरच्या इंजिनावरचा, मोठा, जवळजवळ कोरा. दुसरा परदेशी ट्रॅक्टरवरचा, लहान, काळाकुट्ट, आणि त्याचा दांडा बोटाने हलवला की खुळखुळायचा. माणिकबाबू मोठ्याच्या प्रेमातच पडले. “श्यामकांतदा, हा बसवा. गाडी उडेल नुसती!” खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. मला वाटलं, माझ्या मुलीकडे जी गाडी जाईल ती साधी कशाला जावी? दार्जिलिंगच्या सगळ्या गाड्या मागे पडल्या पाहिजेत.

मोठा बसवला. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडायची पट्टी नवीन करावी लागली, आणि इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे लेथवर एक पट्टी कापायला तीन दिवस लागले. काम झाल्यावर डायमंड हार्बर रोडवर गाडी काढली. ठाकूरपुकुरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि कालिंदी, काय सांगू, शीळ घालत पळाली ती! माणिकबाबू खिडकीबाहेर हात काढून लहान मुलासारखे ओरडत होते. मीही हसत होतो. पासांग मात्र समोर रस्त्याकडे पाहत गाडी चालवत होता. परत येताना चहाला थांबलो, तेव्हा मी त्याला विचारलं, “का रे, आवडलं नाही?”

त्याने चहाचं मातीचं भांडं खाली ठेवलं. मग त्याच्या त्या हिंदीत म्हणाला, “साहेब, आमच्याकडे पळायला रस्ताच नाही. पहिल्या गिअरात चढायचं असतं. ही पळायला लागल्यावर जागी होते. सातघुमतीवर ही झोपलेलीच राहील.”

सातघुमती म्हणजे काय, हे मी विचारलं. मला वाटलं, चढाचा कोन किती, वळण केवढं, एवढंच तो सांगेल. सात वळणांच्या त्या चढाचं त्याने ते सांगितलं, आणि मग श्रावणातली ती गोष्ट सांगितली. तुझ्या एकाही पत्रात ती नाही.

फुलमाया नाव होतं ना तिचं? पासांग म्हणाला, वय बाविसाच्या आतलंच. मूल आडवं आलेलं, तू दवाखान्यात होतं तेवढं सगळं केलंस आणि मग तिला गाडीत घालून दार्जिलिंगच्या इस्पितळाकडे निघालात. सातघुमतीच्या तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. तिचा नवरा उतरला, सासू उतरली, भार कमी व्हावा म्हणून पासांगने जादा चाकसुद्धा काढून रस्त्याकडेला ठेवलं. पाचव्या वळणावर पाणी उकळलं. पावसात थांबून इंजिन निवण्याची वाट पाहिलीत. तिथून वरपर्यंत तू सलाइनची बाटली हातात उंच धरून गाडीबरोबर चालत गेलीस, कारण आत बसलीस तर तेवढं वजन वाढलं असतं. चाळीस मिनिटांच्या वाटेला तीन तास लागले. मुलगी झाली, ती वाचली. फुलमाया दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

पासांग म्हणाला, “डॉक्टरदीदी आधी चढावर गाडीला रागवायच्या. चल गं म्हशी, असं तुमच्या भाषेत काहीतरी म्हणायच्या. त्या दिवसापासून रागवत नाहीत. गप्प बसतात.” मी विचारलं, वेळेवर पोहोचली असती तर? तो म्हणाला, “दीदी म्हणतात, सांगता येत नाही.”

चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. मोठा टर्बो त्याच दुपारी उतरवला. माणिकबाबूंनीच पान्याने पहिला नट सैल केला.

लहान टर्बोचा दांडा मी कारखान्यात नेऊन तोलून घेतला आणि त्याची बेअरिंगं स्वतः कातली. इतकं बारीक काम दहा वर्षांत केलं नव्हतं. चष्मा दोनदा पुसला. पण हा चढावर चालेल की नाही, हे सपाट बेहाल्यात कसं कळायचं? इथला सर्वांत मोठा चढ म्हणजे माझेरहाटचा पूल. म्हणून मी इथेच डोंगर केला. हवेच्या नळीच्या तोंडावर पत्रा बसवून त्याला लहान भोक पाडलं, म्हणजे इंजिनला वरच्यासारखी अपुरी हवा मिळेल. मागे माणिकबाबूंचा एक भरलेला ट्रक दोराने बांधला. त्यात ते स्वतः ब्रेक अर्धवट दाबून बसले. आणि डायमंड हार्बर रोडवर भर सकाळी आमची ही वरात पहिल्या गिअरात निघाली. बाजारातून भाजी घेऊन परतणारे लोक थांबून पाहत होते. कुणीतरी विचारलं, “बिघडलीय का?” माणिकबाबू वरून ओरडले, “नाही हो, दार्जिलिंगला चाललोय!”

इंजिन जेमतेम चालत होतं आणि तरी टर्बो जागा झाला. शीळ बारीक होती, पण पहिल्यापासून होती. मी आरशात मागे पाहत होतो. धूर काळ्याचा राखाडी झाला, मग दिसेनासा झाला. पासांगने ऐकलं, आणि तो पहिल्यांदा हसला. त्याचा पुढचा एक दात नाही हे मला तीन आठवड्यांनी तेव्हा कळलं.

ही गाडी आता कुणाला मागे टाकणार नाही, कालिंदी. तिला जास्तीची ताकद मी दिलेलीच नाही, डिझेलचा पंप आहे तसाच ठेवलाय. डोंगरात तिची जी ताकद हरवते तेवढी तिला परत मिळेल. एकच पथ्य आहे. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरून टर्बो निवतो. तू घाईत असलीस तरी पासांगला ती तीन मिनिटं दे.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. चार दिवस हे पान कोरं पडून आहे.

ज्या दिवशी पासांगने ती गोष्ट सांगितली, त्या दिवशी मी घरी आल्यावर जेवलो नाही. आईने कारण विचारलं, मी सांगितलं. मग कपाटातून तुझी पत्रं काढून त्यातलं मार्चमधलं पत्र तिने माझ्यासमोर ठेवलं. त्यात तू विचारलं होतंस, बाबा, आमच्या गाडीला टर्बो बसेल का, चढावर फार हाल होतात. आई म्हणाली, “तुम्ही तिला उत्तर लिहिलंत ते मी वाचलं होतं. एवढ्या लहान इंजिनला बसत नाही, आतला दांडा तुटेल, असं होतं त्यात. ते खरं होतं?”

चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला माझ्या कामाबद्दल असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “नाही.”

नाही, बाळ. ते खरं नव्हतं. तेव्हाही बसला असता. तुझं पत्र वाचता वाचताच माझ्या डोक्यात अर्धं चित्र तयार झालं होतं. पण मला तू परत यायला हवी होतीस. हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात कुणी ना कुणी विचारायचं, मुलगी अजून डोंगरातच का, आणि मला घरी आल्यावर तुझी रिकामी खोली दिसायची. मला वाटलं, चार चढ जड गेले, गाडी दोनदा बंद पडली की कंटाळेल आणि येईल. त्याच पत्राच्या शेवटी, इथल्या इस्पितळात जागा निघाली आहे, असं मी लिहिलं होतं, आठवतं? तेही मी तीन दिवस हिंडून शोधून काढलं होतं. मुलीला माघारी आणायला मी इंजिनचं खोटं सांगितलं. ज्या एका गोष्टीत तू माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतेस, नेमकी तीच गोष्ट मी वापरली. त्या चढावर कुणी माणूस आडवा पडलेला असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तू होतीस.

फुलमाया वाचली असती का, हे सांगता येत नाही असं तू म्हणतेस. तू डॉक्टर आहेस, आणि तुझा स्वभावही मला माहीत आहे. पण चाळीस मिनिटं आणि तीन तास यांतला फरक मला मोजता येतो. त्यापासून मी लपणार नाही. झबलं त्या मुलीसाठी आहे. आईने ते तीन दिवसांत विणलं. दर रविवारी तू तिला पाहायला जातेस असं पासांगने सांगितलं. झबलं कुणी पाठवलं ते तिच्या आजीला सांगायचं की नाही, ते तूच ठरव.

खरं तर उद्या मीही गाडीबरोबर यायचं ठरलं होतं. पंप तसाच असला तरी वर नेल्यावर त्याचा स्क्रू तिथल्या हवेला बेताने जुळवावा लागतो, आणि त्यासाठी माझी गरज आहे असं मी माणिकबाबूंना, आईला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पिशवीसुद्धा भरली होती. काल मी ती रिकामी केली आणि स्क्रूचं सगळं काम पासांगला शिकवलं. पाच वेळा करून घेतलं. आता ते त्याला माझ्यापेक्षा बरं येतं. म्हणजे गाडीसाठी तुला मला बोलवावं लागणार नाही. हे सगळं वाचून झाल्यावर, आज नाही, महिन्याने, वर्षाने, तुला वाटलं की बाप यावा, तर एक ओळ टाक. मी परत चल म्हणायला येणार नाही. तू जिथे काम करतेस ती जागा पाहायला येईन, मागच्या फळीवर बसून, सातही वळणं. आणि तुला तसं वाटलं नाही, तर तेही मी समजेन. गाडी मात्र तुझी आहे, तिच्यावर भरवसा ठेव. तिच्याबाबतीत या वेळी मी एक शब्दही खोटा लिहिलेला नाही.

तुझाच,
बाबा