साडेचार फूट

लिंबायत, सुरत
९ मार्च १९९६

ती. सुमनआक्कास,
रघुनाथचा सा. न. वि. वि.

रागात लिहायला बसलोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या भावजयीचे, कमलचे, गुडघे बरे आहेत, ती तुला नमस्कार सांगते. बाकी घरात कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणजे मी बोलत नाही.

तुझी लाडकी भाची योगिता महानगरपालिकेत मोजणीच्या कामावर लागली, तेव्हा मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. तीच परवा टेप घेऊन आमच्या गल्लीत आली. आता म्हणे रस्ता अठरा फुटांचा हवा. घरं एका ओळीत हवीत, गटारावर ओटा नको, छज्जे एका उंचीवर हवेत, आणि मजले चढवायचे तेही रस्त्याच्या रुंदीच्या मानाने. ठीक आहे, चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीत आम्ही सगळे चोपड्याला तुझ्याकडे पळून आलो होतो, त्या तुंबलेल्या गटारांची मलाही आठवण आहे. पण लाल खूण कुठे झाली? माझ्या दर्शनी भिंतीपासून साडेचार फूट आत!

ती भिंत तू पाहिलीस. आठवडाभर दुसऱ्यांची घरं बांधून दर रविवारी मी तिच्या कामाला बसायचो. सिमेंटची जाळी, वर वेलीची पट्टी, सगळं या हातांनी केलेलं. सुरतेत लोक कडिया, म्हणजे गवंडी, म्हणून हाक मारतात, पण ती भिंत बघितली की कारागीर म्हणतात. आणि खूण करणारी कोण, तर माझीच पोर. मी विचारलं, दोन फूट इकडेतिकडे होत नाही का? तर म्हणाली, नाही होत, बाबा. एवढंच.

ती तुझं ऐकते. तिला चार शब्द लिही.

माझा राग निवळेल तेव्हा निवळेल, तुझा लोभ तोवर असू दे.

तुझा भाऊ
रघुनाथ

---

चोपडा
१८ मार्च १९९६

चि. योगितास,
सुमनआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं चार पानी रडगाणं आलंय. खरं तर दोनच पानं आहेत, पण राग एवढा की चारांइतकी जड लागली. तू नीट जेवतेस ना? उन्हात फिरताना डोक्याला रुमाल बांधत जा.

आता मुद्दा. बाई, ती भिंत म्हणजे त्याचा जीव आहे. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना तो आधी भिंत दाखवतो, मग पाणी विचारतो. तुमच्या त्या रेघेला जरा वाकता येत नाही का? मी शिकलेली नाही, पण शिवण जाणते. कापड कमी पडलं तर बाई कुठेतरी जुळवून घेते. तुला जुळवता येत असेल तर जुळव. येत नसेल तर का येत नाही ते मला खरं खरं कळव. बापाला तोडलंस तसं मला एका शब्दात तोडू नकोस.

माझी माया आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

आत्या

---

सुरत
२७ मार्च १९९६

ती. आत्यास,
योगिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. रेघ वाकते का, असं विचारलंस. वाकते. साहेब स्वतःच म्हणाले होते की घरची गल्ली आहे, तुला अवघड जाईल, दुसऱ्या कुणाला पाठवतो. मीच नको म्हटलं. दुसरा कुणी आला असता तर बाबांनी त्याला चहा पाजला असता, भिंतीसमोर अर्धा तास उभं केलं असतं, आणि रेघ आपोआप दोन फूट सरकली असती.

पण रस्त्याची रुंदी ठरलेली आहे. आपल्याकडचे दोन फूट सोडले की ते समोरून घ्यावे लागतात. समोर सुभद्राबाई राहतात. त्यांचं घर सगळं मिळून अकरा फूट खोल आहे आणि मागे कारखान्याची भिंत. आत्ता त्यांचा फक्त ओटा जातो. आणखी दोन फूट गेले तर चूल आणि सासूबाईंची खाट, यांतलं एकच घरात मावेल. त्या तक्रार घेऊन कुठे गेल्याही नसत्या.

हे बाबांना सांगू नकोस. शेजारणीसाठी पोरीने बापाला दुखावलं, असं त्यांना वाटेल. मला त्या भिंतीचं काही नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. आत्या, ती वेल मी डोळे मिटून काढू शकते. शाळेत असताना तिच्यावर कागद धरून कोळशाने घासायचे, तेच माझं पहिलं ड्रॉइंग. आपल्या घरातली लाल खूण जरा वाकडी आली आहे. रेघ मात्र सरळ आहे.

रागावलीस तरी मला परकी करू नकोस.

तुझी
योगिता

---

चोपडा
५ एप्रिल १९९६

चि. रघुनाथास आशीर्वाद.

पोरीने तुला दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं, म्हणून तिचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच. दोनदा वाच. मग मला लिही, त्याआधी नको.

सुमन

---

लिंबायत, सुरत
२ मे १९९६

ती. सुमनआक्कास,
रघुनाथचा सा. न. वि. वि.

तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी छपराचे पत्रे गळतात का ते बघतो, असं निमित्त काढून सुभद्राबाईंकडे गेलो. इतकी वर्षं समोर राहतो, पण त्यांच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पावलांनी घर मोजलं. पाचव्या पावलाला कारखान्याची भिंत लागली. म्हातारी खाटेवर होती आणि तिच्या पायांपासून हातभर अंतरावर स्टोव्ह. बाईंनी चहा केला आणि उलट माझीच समजूत घातली. भाऊ, म्हणाल्या, तुमची एवढी देखणी भिंत जाते, मला रोज वाईट वाटतं.

पालिकेची माणसं यायची तारीख वीस एप्रिल होती. मी चौदालाच, रविवारी, घण हातात घेतला. दुसऱ्याच्या हाताने ती पडू द्यायची नव्हती. जाळी अख्खी सुटेल अशी आशा होती. पहिल्याच ठोक्याला तडकली. मी तिथेच विटांवर बसून राहिलो. योगिता बाहेर आली, ओढणी कमरेला बांधली आणि पाटी भरायला लागली. दुपारी म्हणाली, बाबा, चहा. मी म्हणालो, साखर कमी. महिनाभरातलं आमचं ते पहिलं बोलणं.

कमल दाराआड रडत होती. कशासाठी ते मी विचारलं नाही.

तुझ्या आगाऊपणाबद्दल तुला काय म्हणावं? असाच आगाऊपणा करत जा.

रघुनाथ

---

लिंबायत, सुरत
१४ डिसेंबर १९९६

ती. सुमनआक्कास,
रघुनाथचा सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. गल्लीतल्या एकतीस घरांची तोंडं नव्याने करायची होती, त्यातली बावीस माझ्याकडे आली. छज्जा सात फुटांवर, म्हणजे सातच, असा योगिताचा हट्ट. चार दिवस भांडलो. माझं म्हणणं, प्रत्येक घराची उंची वेगळी, ज्याचं त्याला शोभेल तसं घ्यावं. शेवटी तिने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि मला कोपऱ्यावर नेऊन उभं केलं. आक्का, तीस वर्षं थापी धरली, पण मी एका वेळी एकच घर पाहत आलो. गल्ली कधी पाहिलीच नव्हती. काम उरकल्यावर तिथूनच पुन्हा पाहिलं: सगळे छज्जे एका रेषेत, खाली वाहतं गटार, मधे ऊन. माझ्या भिंतीपेक्षा देखणं होतं ते. हे तिला अजून सांगितलेलं नाही, तूही कळवू नकोस. कळवशीलच म्हणा.

आता तिला दुसरा भाग दिला आहे. काल मला सुट्टी होती, म्हणून सोबत गेलो. तिथे एका म्हाताऱ्याने नेमकी खुणेच्या जागी खाट टाकली होती आणि वर बसला होता. भोवती माणसं जमली. म्हातारा गुजरातीत म्हणाला की या छोकरीला काय कळणार, हिने घर बांधलंय कधी, की पाडलंय? योगिता शांतपणे समजावत होती, पण तिचे ओठ सुकले होते.

मग मी पुढे झालो. हात दाखवले. सांगितलं की मी कडिया आहे, या हातांनी केलेली दर्शनी भिंत हिच्या रेघेत गेली, साडेचार फूट, आणि ती मीच पाडली. म्हातारा म्हणाला, मग हिच्या बाजूने कशाला बोलतोस? मी म्हणालो, भिंत माझी होती आणि ही मुलगीही माझीच. रेघ हिने बरोबर काढली होती.

मग म्हातारा उठला, आपणच खाट उचलून आत घेऊन गेला.

योगिताने माझ्याकडे पाहिलं नाही. टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत दरडावलं की बाबा, ताठ धरा.

आक्का, मी ताठ धरलं.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आम्हा बापलेकीवर असाच जीव असू दे.

तुझा
रघुनाथ