पूरभिंत वीतभर कमी

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. एवढं आईला आधी वाचून दाखवा.

बदलत्या हवामानासाठी देश किती तयार झालाय, हे तपासायचं माझं काम. यादीत इथली पूरभिंत ‘पूर्ण’ होती. पण मी गवंड्याची लेक! शाळेवरच्या गेल्या पुराच्या खुणेपासून भिंतीपर्यंत पाणी भरलेली नळी ताणून पातळी बघितली. भिंत वीतभर खाली!

साहेब म्हणाले, “वीतभरानं काय होतंय? सही करा, नाहीतर घरी जा.”

मी ‘अपूर्ण’ लिहून ठसठशीत सही ठोकली. पाणी काय अहवाल वाचून थांबणार आहे?

तुमचा गुडघा कसाय? माझ्या खोलीतल्या सिमेंटच्या गोण्या तेवढ्या हलवून ठेवा.

आणि रागावू नका. नळी तुमचीच होती.

तुमची धाकटी