दोन मशिनींचा दम

माय, तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं कार्ड मीच वाचून दाखवायची आणि नको तो मजकूर गाळायची. हे तुला कळायचं, पण तू कधी बोलली नाहीस. आज लिहिणारी मी आणि वाचणारं कोणीच नाही, तेव्हा गाळायचं कारणच उरलं नाही. मला त्या व्हॅक्यूम क्लीनरबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस. इतकी वर्षं झाली, माझं डोकं तिथून हलतच नाही. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, कोणाच्या लग्नात पंगतीला बसलेली असताना मध्येच मी लाल मशीन आणि राखाडी मशीन शेजारी शेजारी मांडते आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागते. थकले आहे मी आता त्याला.

बाबा गेल्यावर तू मिलमध्ये लागलीस, सूत गुंडाळायच्या खात्यात. मला आठवते ती तू संध्याकाळची, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, केसांवर कापसाचं बारीक तूस. दारातच लुगडं झटकायचीस आणि आत येऊन पाण्याच्याही आधी गुळाच्या डब्याला हात घालायचीस. सुपारीएवढा खडा तोंडात टाकून डोळे मिटून बसायचीस. "गूळ खाल्ला का तूस खाली उतरते वं, छातीत बसत नाही." खात्यातल्या सगळ्या बाया खायच्या म्हणे. मला वाटायचं, मजा आहे, मोठ्या बायकांना रोज गूळ मिळतो. पण तूस बसायचं तिथे बसलंच. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी तुला खात्यात उभं राहवेना, दोन पावलं चाललीस की छातीतून शिट्टी वाजायची. तू घरी बसलीस आणि मी नागपुरात सीताबर्डीवर विजेच्या सामानाच्या दुकानात लागले. मिल सुटली तसा तुझा गूळही सुटला. डबा फळीवर तसाच असायचा, मी सणावाराला काढायची तेवढाच.

डॉक्टर म्हणाले होते, औषध अर्धंच काम करेल, बाकीचं घराने करायचं. घरात झाडू फिरवायचा नाही, धूळ उडाली की हिचा श्वास अडकणार. सांगायला काय जातं? आपल्या नंदनवन वस्तीत तेव्हा धड रस्ता तरी होता का? एक ट्रक गेला की आपण भाताच्या पातेल्यावर झाकण शोधायचो. मी सकाळी ओल्या फडक्याने सगळं घर पुसून दुकानात जायची, संध्याकाळी येऊन बघायची तर टेबलावर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. आणि तू भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर उशी, उशीवर कपाळ. आडवी झालीस की गुदमरायचीस, म्हणून झोपही बसल्या बसल्याच. मी काय काय केलं नाही, माय. गाद्या उन्हात टाकल्या, पडदे काढले, फळीवरची भांडी रोज उतरवून पुसली, कोणी सांगितलं म्हणून तुळशीचा काढा, कोणी सांगितलं म्हणून अडुळसा. मला तू हवी होतीस, एवढंच. दुसरं माझं होतं तरी कोण?

दुकानात रंगीत टीव्ही यायला लागले त्याच सुमारास शेठजींनी दोन व्हॅक्यूम क्लीनर मागवले. एक लाल, पिंपासारखी गोल, आत जाड कापडाची पिशवी. दुसरी राखाडी, लांबुळकी, तिच्यात कागदाची पिशवी घालावी लागायची आणि ती सहजासहजी मिळायची नाही. लोक बघायला यायचे, हात लावायचे आणि एकच विचारायचे, यातली चांगली कोणती? शेठजी मला म्हणाले, "बेटा, गिऱ्हाईक विचारून राहिलं, हम क्या बतायें? तू दोन्ही घरी ने. एक-एक हप्ता चालवून पाहा, मग बोल." मला तर देवच पावला. सायकलरिक्षात पायाशी मशीन ठेवून मी घरी आले तेव्हा तू दारात बसली होतीस. म्हणालीस, "हे काय वं, कोणाचं इंजन उचलून आणलं?"

मी एक वही केली. डावीकडे राखाडी, उजवीकडे लाल. आता मला ते सगळं समोर दिसतं. मी अंगणातली धूळ पिठाच्या चाळणीने चाळते आहे, चहाच्या कपाने बरोबर एक कप मोजून सतरंजीवर पसरते आहे, मग मशीन फिरवून पिशवीतली धूळ परत त्याच कपात ओतते आहे. तू तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवून बघतेस. "आधी सांडते, मंग उचलते. शिकेल पोरगी आहे माही." मी चिडून म्हणते, "माय, हिला टेस्ट म्हणतात. जिचा दम जास्त ती चांगली." तू सूप पुन्हा हातात घेतेस आणि म्हणतेस, "मंग मले तं कोणीच घेणार नाही." आपण दोघी हसतो. हसता हसता तुला ढास लागते आणि मी पाणी आणायला धावते.

पहिला आठवडा राखाडीचा. तिच्यात काही दम नव्हता. कपातली धूळ पाऊण कप परत यायची, बाकीची सतरंजीतच राहायची, हाताने झटकली की दिसायची. व्होल्टेज जरा उतरलं की ती घरघर करून थांबायची. एकदा तिच्या मोटरीतला कार्बनचा तुकडा झिजून गेला, दुकानातल्या मिस्त्रीकडून बदलून आणला. कागदी पिशवी फाटली ती चिकटवून वापरली. दुसरा आठवडा लालचा. माय, काय मशीन होती ती. व्होल्टेज कितीही पडो, चालूच. तासभर फिरवली तरी अंग कोमट. सतरंजी अशी निघायची की झटकली तर कण पडायचा नाही. कपात धूळ ओतली की तो मात्र काठोकाठ भरायचा नाही, बोटभर कमी यायचा. मी म्हटलं, राहिली असेल पाइपात. पाइप झटकून पाहिला, त्यात काही नव्हतं. मग मी तो विचार सोडून दिला आणि वहीत लिहिलं, लाल चांगली.

आणि तू? तू राखाडीच्या आठवड्यात तीन दिवस आडवी झोपली होतीस. कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन, जशी मी लहान असताना झोपायचीस. मी ते डॉक्टरांच्या नव्या गोळीच्या नावावर टाकलं. लालच्या आठवड्यात तू पुन्हा उठून बसलीस. ते मी उन्हाच्या नावावर टाकलं. एका संध्याकाळी शिऱ्यासाठी डबा काढला तर त्यात गूळच नाही. मी तुझ्यावर केवढी ओरडले. "डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय, आणि तू चोरून गूळ खातेस? लहान आहेस का?" तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मग हळूच म्हणालीस, "हे लाल इंजन घरात नको वं. थे चाललं का घशात खात्यासारखं होते."

मी पिशवी काढून तुझ्या पुढ्यात आपटली. "ही बघ धूळ. ही तुझ्या छातीत गेली असती, ती हिने काढली. तुला डोळ्यांनी दिसत नाही का?"

"दिसते थे काही करत नाही," तू म्हणालीस. "खात्यात मोठं तूस उडे, थे शिंकरलं का जाये. दिसत नाही थेच बसते."

"मिलचं मिलमध्ये राहू दे. तुला मशिनीतलं काय कळतं?" असं मी म्हणाले, माय. इतकी वर्षं जिने छातीने धूळ मोजली तिला मी हे म्हणाले, मॅट्रिकच्या जोरावर.

शेठजींना मी लाल सांगितली. दाखवायला म्हणून जी वापरली होती ती त्यांनी मलाच दिली, तुझ्या आईसाठी ठेव म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचे, "यांना विचारा, यांनी घरी टेस्ट केली आहे." चांगल्या घरच्या बायका, साहेब लोक माझं कान देऊन ऐकायचे. मी कपाची गोष्ट सांगायची, व्होल्टेजची सांगायची. बोटभर कमीची सांगायची नाही. राखाडी मशीन खालच्या फळीवर पडून राहिली.

मग तो उन्हाळा. नागपूरचं ऊन, दहा वाजले की दारं-खिडक्या लावून बसायचं. तुझा श्वास वाढत चालला आणि मी वेड्यासारखी मशीन फिरवत सुटले. सकाळी एकदा, दुपारी जेवायच्या सुट्टीत सायकल हाणत येऊन एकदा, संध्याकाळी एकदा. दारं बंद, कारण बाहेरची धूळ आत यायला नको. तू आतच, कारण बाहेर त्या झळांत तुला कुठे बसवणार? तू खोकलीस की मी अजून फिरवायची. गादी, उशी, तुझ्या पायाखालची चटई. तू पदर नाकाला लावून बसायचीस. कधी कधी मी रडत रडत फिरवायची, मला वाटायचं कुठेतरी एक कोपरा माझ्या हातून राहून जातो आहे, तो सापडला की तू बरी होशील.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. दुपारी खिडकीच्या फळीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. मी तुझ्या गादीशी वाकून नळी फिरवत होते, मशीन माझ्या मागे, तिची पाठ भिंतीशी बसलेल्या तुझ्याकडे. मी सहज मान वळवली. लाल मशीनच्या मागच्या जाळीतून धूर निघत होता. धूर नव्हे, धूळ. मैद्यासारखी, एकसारखी, त्या तिरिपेत वर वर चढत होती आणि तू त्यात बसली होतीस. तिरीप सोडली तर खोलीत काहीच दिसत नव्हतं, सगळं स्वच्छ. मला त्या क्षणी सगळं कळलं. कपात बोटभर कमी येणारी धूळ कापडाच्या पिशवीतून गळून कुठे जायची ते कळलं. गूळ का संपला ते कळलं. मी बटण बंद केलं.

तू डोळे उघडलेस. "काहून बंद केली वं?"

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बिघडली."

तुझा चेहरा उतरला, माय. मला वाटलं होतं तुला बरं वाटेल. तू माझ्याकडे बघत राहिलीस, मग म्हणालीस, "तुही एवढी जिवापाड मशीन. मी बोलली होती ना तिले. माहीच नजर लागली असन." मी म्हटलं, असं काही नसतं. तू ऐकलं नाहीस. भिंत धरून उठलीस. आठ दिवसांत तू मोरीपर्यंत एकटी गेली नव्हतीस. चुलीजवळ जाऊन मुठीत मीठ-मोहरी घेतलीस, परत आलीस, आणि त्या लाल पिंपापुढे उकिडवी बसून तिची दृष्ट काढलीस. एकदा ओवाळून थांबलीस, श्वास घेतलास. दुसऱ्यांदा ओवाळून जमिनीला हात टेकलास. तिसऱ्यांदा हात वर जाईना तर डाव्या हाताने उजवा धरलास. मी उभी होते. तुझा हात मी धरू शकले असते. मी तशीच उभी राहिले आणि तुला ओवाळू दिलं. मग मी तुला गादीपर्यंत आणलं, तेव्हा तू म्हणालीस, "आता शेठजीले दाखव. होते नीट."

पाचव्या दिवशी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, छाती मिलमध्येच संपली होती, धुळीचं निमित्त. लोकांनी माझं कौतुक केलं, पोरीने आईसाठी घरात मशीन आणली म्हणून. मी ते सगळं ऐकून घेतलं. त्या चार दिवसांत मी तुझ्या तोंडात पाणी घातलं, तुझी पाठ चोळली, तुझे केस विंचरले. बोलायला वेळ भरपूर होता. "माय, तुझं खरं होतं," एवढे चार शब्द. शेठजींपुढे, गिऱ्हाइकांपुढे नव्हे, बंद खोलीत तुझ्या एकटीपुढे म्हणायचे होते, आणि माझी जीभ रेटली नाही. तू मात्र दोनदा विचारलंस, मशीन नीट झाली का. मी म्हटलं, कार्बन मागवलाय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला ठाऊक नाही. घडी करून ठेवून देईन कुठेतरी. पण यातलं काही मी गाळलेलं नाही, एकच राहिलंय. ती बिघडली नव्हती, माय. तिला कोणाची नजर लागली नव्हती.