आसरांच्या डोहातले नऊ सिग्नल

गुरुवार, दिवेलागणीला



धरणातल्या चौदा माशांच्या पोटात मीच टाके घालून ट्रान्समीटर बसवले. महिनाभर नऊ माशांचा सिग्नल आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवतांच्या, डोहातून येतोय, जागचा हलत नाही. मी मत्स्यखात्याच्या साहेबांना लिहून दिलं की मासे अंडी घालायला तिथे थांबलेत. डोह बंद ठेवा, नदी धरणात शिरते ती बाजू जाळ्यांना मोकळी करा. नदीकडे फिरणाऱ्या पाच माशांना मी चुकार ठरवलं.

आज मासेमारी करणाऱ्या सोमनाथभाऊंना सहज विचारलं, टाके घातलेला मासा कधी सापडला का?

"लय सापडले, मॅडम. पोटातून कांडी निघती. ती आसरांची, घरी नाय नेत. हळदकुंकू वाहून त्यांच्याच डोहात सोडतो."

"किती सोडल्या?"

"नऊ."

जागचा हलत नाही. कसा हलेल? आणि मी हे आधी का नाही विचारलं?

आदेशावर सही झालीय. साहेब फोन उचलत नाहीत. अंड्यावरचे मासे नदीकडेच असणार.

निघताना भाऊ खुशीत म्हणाले, "उद्या पहाटे नदीकडंच जाळी टाकतो, तुमच्या किरपेनं."

मी मान डोलावली.