उन्हात वाळवलेल्या काचा

नागापूर, अहिल्यानगर
गुरुवार

चि. आरतीस,

हनुमंतमामाचे अनेक आशीर्वाद. सर्दी गेली का? वेळेवर जेवतेस ना? माझा गुडघा तसाच कुरकुरतो. (मी कंपनीतून निवृत्त झालो, तो अजून पाळीवर आहे.) तीनदा तुला फोन लावला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवला, म्हणून आज कागद घेतला.

मंगळवारी तू मला प्रयोगशाळेबाहेर तुझ्या टेबलापाशी बसवून मीटिंगला गेलीस. टेबलावर चंदेरी कागदात गुंडाळलेला डबा. (चंदेरी कागदात पोळ्याच असतात अशी माझी आजवरची समजूत.) पोरगी उपाशीच गेली, निदान पोळ्या गार झाल्यात का बघावं म्हणून उघडला, तर आत ओलसर काचपट्ट्या! म्हटलं, घाईत धुऊन तशाच ठेवल्यात, बुरशी धरेल. खिडकीत ऊन झकास होतं. कुरडया मांडाव्यात तशा ओळीनं मांडल्या आणि माशी बसू नये म्हणून दोन तास वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो.

तू आलीस. काचांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "मामा, चहा घ्याल?" मी वर बिस्किटंही मागितली.

एसटीपर्यंत सोडायला आलेल्या तुझ्या मैत्रिणीनं, ज्योतीनं, मग सगळं सांगितलं. आजाराची खूण फार बारीक असली की दिसत नाही. तिला डीएनएचा एक धागा चिकटवायचा. तो दुसरा मिटलेला धागा उघडतो, दुसरा तिसऱ्याला, आणि असे शेकडो जमले की त्यांच्यावरचा रंग सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. तो रंग उन्हात विटतो. मी म्हटलं, "मग दुसऱ्या काचा करा की." ती म्हणाली, "काका, त्यांच्यावर आरतीच्या आईच्या गाठीचे काप होते. शेवटचे."

बनुअक्का जाऊन तीन वर्षं झाली. तिचं एवढंसं उरलेलं तू जपून ठेवलं होतंस, आणि ते मी माझ्या हातानं उन्हात घातलं. सुप्यापर्यंत बसमध्ये मान वर केली नाही. शेजारच्या बाईंना वाटलं मला मळमळतंय, त्यांनी लिंबू दिलं. ते हुंगत रडलो. (लिंबू रसाळ होतं.) घरी मामीला सांगितलं तर म्हणाली, "तुमाला कोनी सांगितलं हुतं हात लावायला?" आणि न जेवताच उठली.

तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तुझा अपराधी,
हनुमंतमामा

ता.क. डॉक्टरकडे जायच्या वर्षभर आधी, भाऊबीजेला, अक्कानं ती गाठ मला सांगितली होती. मी म्हणालो, "चरबीची असंल, हळदीचा लेप लाव." हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता तुला.

ता.क. दुसरा. मामीच्याही छातीत गाठ आहे. दोन महिने लपवली, काल बोलली. पोस्टाला उशीर होईल म्हणून या कागदाचा फोटोच पाठवतोय. तू डॉक्टर नाहीस, माहीत आहे. पण उद्या सकाळच्या गाडीनं तिला घेऊन निघतो, एखाद्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव. आणि स्टँडवर तू स्वतः ये. ती मला सारखं विचारते, "बनुवन्संला पयल्यांदा कसं झालं हुतं?" मला सांगता येत नाही.