लाल टोपणाची बाटली

५ नोव्हेंबर
आले एकदाची कोळवणला! तुळजाबाईंची भाड्याची खोली लख्ख आहे, खिडकीतून कापणीला आलेला भात दिसतो. त्यांचे यजमान कोंडिबा दिवसभर पडवीत बसून असतात. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले म्हणे. निवृत्तीनंतर मनसोक्त वाचायचं म्हणून पुस्तकांची चार खोकी आणली आहेत. तुळजाबाई म्हणाल्या, डोळं हायेत तवर वाचून घ्या. बाई फटकळ, पण मला आवडल्या.

११ नोव्हेंबर
काल उजवा डोळा फुटेल असा ठणकला. उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. मी पित्त समजून पडून राहिले. तुळजाबाईंनीच जीप करून पौडच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदूचा झटका. डोळ्यातला दाब अठ्ठावन्न! शिरेतून औषध दिल्यावर उतरला. आता गोळ्या, आणि डोळ्याची बाहुली लहान करणारे थेंब. एकही वेळ चुकवायची नाही, सोमवारी पुण्याला लेझर. माझा हात थरथरतो, म्हणून थेंब तुळजाबाई घालतात. फार जीव लावतात हो.

१३ नोव्हेंबर
थेंबांमुळे अंधुक दिसतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं, पण तुळजाबाईंना पटत नाही. खिडकी बारीक केल्याव उजेड कुटनं यायचा, म्हणाल्या. मला हसू आलं.

१४ नोव्हेंबर
ठणका पुन्हा. गोळी उलटून पडली. आरशात पाहिलं, बाहुली केवढी मोठी! लहान व्हायला हवी ना?

१५ नोव्हेंबर
विचारलं. डॉक्टरांची बाटली परवाच ओतून दिली म्हणे. आता घालतात ती नेत्रशिबिरात मागून घेतलेली, लाल टोपणाची. त्या थेंबांनी बाहुली उघडते. तिकडं डॉक्टरला डोळ्याचा तळ दिसला, मग तुमाला जग दिसनार न्हाई व्हय, म्हणाल्या.
कोंडिबांनाही हीच घातली होती.
मी ओरडले, रडले, डॉक्टरांकडे न्या म्हटलं. तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या, धनी बी असंच वरडायचं. जीप कापणीनंतर.
डावाही दुखतोय. दोन्ही डोळ्यांत घातलंय तिनं —

१६
फोनवरचे आकडे दिसत नाहीत. कोंडिबांना हाक मारली. म्हणाले, लई दुखतंय ते पयलं. मग न्हाई दुखत.
मला नकोय ते न दुखणं. मला दिसायला हवंय —

दिवस कुठला
उजेड आहे एवढंच कळतं
पावलं. ताई, टाइम झाला, म्हणते
डोळे घट्ट मिटलेत, ओळ वर गेली की खाली
कपाळावर तिचा हात, पापणी वर ओढ